पोलंडच्या सहलीचा खर्च: मोठे आकडे मुंबईतच ठरतात

परवडणारा युरोप शोधताना आमच्या घरात पोलंडवर एकमत झाले, ते मुख्यतः तेथील दरांमुळे. पोलंड २००७ पासून शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, पण युरो त्याने स्वीकारलेला नाही. तेथे झ्लॉटी चालतो आणि जेवण, रेल्वे, खोली यांचे दर पॅरिस किंवा झ्युरिकच्या मानाने बरेच खाली आहेत. हिशेबाच्या वहीत मी एक झ्लॉटी म्हणजे ३० रुपये धरला. खरा दर त्याहून कमी आहे, परंतु कार्डावरचे शुल्क आणि अदलाबदलीतली घट त्यात सामावते, शिवाय तिनाचा गुणाकार दुकानात उभ्या उभ्या तोंडी करता येतो.

मात्र देश स्वस्त असला म्हणून मुंबईत भरावे लागणारे पैसे कमी होत नाहीत, आणि बहुतेकांचे अंदाजपत्रक नेमके येथेच चुकते. शेंगेन व्हिसाचे शुल्क जून २०२४ पासून प्रौढांसाठी ९० युरो, म्हणजे नऊ हजार रुपयांच्या वर आहे. सहा वर्षे पूर्ण झालेल्या पण बारा न झालेल्या मुलांना ते निम्मे पडते आणि त्याहून लहानांना माफ आहे. पती, पत्नी आणि शाळकरी पण बारा न झालेली दोन मुले असे चौकोनी कुटुंब धरले तर २७० युरो तेथेच गेले, त्यावर अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचे सेवाशुल्क वेगळे, आणि व्हिसा नाकारला गेला तर यातले काही परत मिळत नाही. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा असणे बंधनकारक आहे. तो तुलनेने किरकोळ खर्च. विमानभाडे हा सर्वांत जड आकडा. ते वॉर्साचे असो वा रोमचे, फरक पडतो तो महिन्यामुळे, देशामुळे फारसा नाही.

याचा सरळ अर्थ असा की, पाच दिवसांसाठी गेल्यास स्वस्त देश महागच पडतो. एकदा भरलेले भाडे आणि व्हिसा जितक्या अधिक दिवसांत वाटले जातील, तितका दिवसाचा खर्च खाली येतो, आणि पोलंडमध्ये वाढीव दिवस खरोखरच कमी पैशांत निघतो. म्हणून आठ दिवसांत पाच शहरे उरकण्याची आपली सवय येथे सोडावी, वॉर्सा आणि क्राकूव्ह अशी दोनच शहरे घ्यावीत आणि मुक्काम वाढवावा. दोहोंमधले सुमारे तीनशे किलोमीटरचे अंतर जलद गाडी अडीच तासांच्या आसपास कापते. तिकीट आधी काढल्यास स्वस्त पडते आणि साधी, थोडी धिमी गाडी त्याहूनही स्वस्त. मुलांच्या परीक्षा संपताच निघणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की १ आणि ३ मे या दोन्ही दिवशी पोलंडमध्ये राष्ट्रीय सुट्टी असते, सारा देश तेव्हा फिरायला बाहेर पडतो आणि खोल्यांचे दर चढतात. मेच्या दुसऱ्या आठवड्यात निघणे शहाणपणाचे.

झ्लॉटी मुंबईत शोधत बसू नये. थोडे युरो रोख न्यावेत आणि तेथील ‘कांतोर’मध्ये, म्हणजे चलन बदलून देणाऱ्या दुकानात, ते बदलावेत. विमानतळावरचा कांतोर टाळावा; शहरातल्या दुकानाबाहेर खरेदीचा आणि विक्रीचा दर शेजारी शेजारी लावलेला असतो, त्या दोहोंत अंतर जितके कमी तितके दुकान बरे. एटीएम किंवा कार्डाचे यंत्र ‘रुपयांत वळते करू का?’ असे विचारते, आपल्या ओळखीचा आकडा दाखवते आणि मोह पडतो. तेथे नकार देऊन झ्लॉटीच निवडावा, कारण यंत्राने लावलेला दर जवळजवळ नेहमीच आपल्या तोट्याचा असतो.

खाण्याच्या खर्चात पोलंड खरा उजवा ठरतो, आणि त्याचे श्रेय ‘बार म्लेचनी’ला, म्हणजे तेथील दूध-उपाहारगृहांना. नावात बार असला तरी तेथे मद्याचा संबंध नाही. दूध, पीठ आणि भाज्यांच्या साध्या पदार्थांना सरकारी अनुदान मिळत असल्याने विद्यार्थी, निवृत्त आणि कामगार तेथे जेवतात. गल्ल्यावर सांगायचे, पैसे भरायचे, पावती स्वयंपाकघराच्या खिडकीत द्यायची आणि जेवण झाल्यावर ताटल्या स्वतः परत नेऊन ठेवायच्या. आमच्याकडच्या शाकाहारी मंडळींचे ‘पिएरोगी रुस्किए’वर छान भागले: बटाटा आणि ताज्या चीजचे सारण भरलेली ही जणू उकडलेली करंजीच. मात्र वरून डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे घालण्याची पद्धत आहे, तेव्हा ‘बेझ स्क्वार्कूव्ह’ एवढे पाठ करून जावे. क्राकूव्हच्या रस्त्यांवर हातगाडीवर मिळणारा ‘ओब्वाझानेक’ हा कड्याच्या आकाराचा पाव न्याहारीला पुरतो. उपाहारगृहात पाणी बहुधा विकत घ्यावे लागते. नळाचे पाणी पिण्याजोगे असल्याने बाटली भरून निघावे. बहुतेक रविवारी मोठी दुकाने कायद्याने बंद असतात, म्हणून दूध-फळे शनिवारीच आणावीत.

तिकिटांत बचतीला वाव आहे. राज्य संग्रहालयांना कायमस्वरूपी दालने आठवड्यातून एक दिवस मोफत खुली ठेवावी लागतात. तो वार प्रत्येकाच्या संकेतस्थळावर पाहून कार्यक्रम आखावा. वॉर्सातले कोल्हापूर स्मारक तर रस्त्यावरच आहे. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत आश्रय मिळालेल्या पोलिश निर्वासितांच्या आठवणीचे हे स्मारक मराठी माणसाने चुकवू नये. क्राकूव्हजवळच्या विएलिच्काच्या मिठाच्या खाणीचे तिकीट मात्र महाग आहे आणि ते देण्याला पर्याय नाही, कारण मार्गदर्शकाविना आत सोडत नाहीत. तरीही तेथे हात आखडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जमिनीखाली शंभर मीटरवर मिठात कोरलेले प्रार्थनागृह पाहिल्यावर तो आकडा खुपत नाही. तेवढे पैसे वॉर्सातल्या एखाद्या महागड्या जेवणातून वाचवता येतात.

उरलेले झ्लॉटी विमानतळाकडे निघण्यापूर्वीच शहरातल्या कांतोरात बदलून घ्यावेत. नाणी शेवटच्या दिवशी चहा-पावात संपवावीत, ती पुढे सहसा बदलून मिळत नाहीत.