ॲन्जनाथपाशी अडकलेले सव्वादोन महिने

"कुठलं शस्त्र घेऊ?" असं मी ज्याला ज्याला विचारलं त्या प्रत्येकाने एकच उत्तर दिलं. "सगळी चांगली आहेत, तुला आवडेल ते घे." या वाक्याचा मला अजून राग येतो. आवडायला आधी कळायला हवं ना! चौदा शस्त्रं समोर मांडलेली, प्रत्येकाची बटणं वेगळी, चाल वेगळी, आणि त्यातलं काय आवडेल हे पहिल्याच दिवशी कोणाला ठाऊक असतं? मला ते कळायला सव्वादोन महिने लागले. 'मॉन्स्टर हंटर: वर्ल्ड' हा अजस्र प्राण्यांच्या शिकारीचा व्हिडिओ गेम आत्ता हातात घेतलेल्या कोणाचे तेवढे दिवस वाया जाऊ नयेत, म्हणून लिहितेय.

गेम २०१८चा. माझ्याकडे आला तो धाकट्या भावाच्या जुन्या पीएसफोरबरोबर, म्हणजे प्लेस्टेशन ४ बरोबर. लालबागला आमचं दोन खोल्यांचं घर, टीव्ही एकच, तोही बाहेरच्या खोलीत. आईच्या मालिका संपतात साडेदहाला, आणि सकाळी करी रोडहून लोकल पकडायची म्हणजे बाराच्या पुढे जागून चालत नाही. मधला दीड तास माझा. एका शिकारीला पन्नास मिनिटांची मुदत असते, म्हणजे रात्रीची एक शिकार, फार तर दोन. हे मुद्दाम सांगतेय. "प्रत्येक शस्त्र दहा-दहा शिकारी वापरून बघ" असं सांगणारे भेटतात. चौदा दाहे एकशेचाळीस. रोज एक धरली तर साडेचार महिने नुसते बघण्यात जाणार.

सुरुवात लाँग स्वोर्डने, म्हणजे लांब तलवारीने केली, कारण सगळे व्हिडिओवाले तेच वापरताना दिसत होते. पहिले मॉन्स्टर त्याने पडले. त्यात सांगण्यासारखं काही नाही, ते कशानेही पडतात.

मग आला ॲन्जनाथ.

खेळलेल्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते, टी-रेक्सच्या घाटाचा, गुलाबी खवल्यांचा, पाठीवर काळपट लव असलेला, आग ओकणारा प्राणी. प्राचीन जंगलात आपण भलत्याच कोणाची तरी शिकार करत असतो तेव्हापासून हा मध्येच येऊन तुडवून जातो, आणि एक दिवस त्याचीच शिकार करायची पाळी येते. शिकारीत तीनदा बेशुद्ध पडलं की काम फसलं. प्रत्येक वेळी मांजरं आपल्याला हातगाडीवर घालून तळावर आणून ओततात. पहिल्या महिन्यात मी सोळा वेळा हरले. वहीत नोंद आहे. मी हिशेबाच्या कामात आहे, नोंद ठेवल्याशिवाय मला राहवत नाही.

लाँग स्वोर्डची गोम अशी आहे की त्याचं बळ वार करत राहिलं तरच चढतं. वार बसले की पडद्यावरची एक पट्टी भरते, पट्टी भरली की मोठे वार निघतात. थांबलात की पट्टी उतरते. समोरून येणारा वार आयत्या वेळी चुकवून उलटा घाव घालायची त्यात फार देखणी युक्ती आहे, पण तिलाही पट्टीत काहीतरी शिल्लक लागतं. ॲन्जनाथसमोर मी थांबायचे. तो पाय उचलतोय, आता काय करेल, बघू दे. तोवर पट्टी रिकामी.

शेवटी वाटलं, शस्त्रच कमजोर असेल. गेममधली शस्त्रांची पेटी उघडली आणि आकडे बघितले. इथे माझे तीन आठवडे गेले, म्हणून हे नीट वाचा. सुरुवातीच्या ग्रेट स्वोर्डवर, म्हणजे अवजड तलवारीवर, हल्ल्याचा आकडा ३८४. हॅमरवर ४१६. लान्सवर, म्हणजे भाल्यावर, १८४. स्वोर्ड अँड शील्डवर, म्हणजे तलवार-ढालीवर, फक्त ११२. हे आकडे शेजारी शेजारी दिसल्यावर कोणीही काय समजेल? मी तेच समजले. ग्रेट स्वोर्ड उचलला.

ग्रेट स्वोर्ड वाईट नाही. त्रिकोणाचं बटण दाबून धरलं की घाव साठत जातो, तीन पायऱ्या चढतो, आणि जास्त वेळ धरून ठेवला तर उलट जोर उतरतो. बसला तर एकच घाव बघण्यासारखा असतो. पण मॉन्स्टर आत्ता कुठे आहे याचा तिथे काही उपयोग नाही, घाव उतरेल तेव्हा तो कुठे असेल हे आधी ओळखावं लागतं. ॲन्जनाथ वळायचा, आणि माझा तीन पायऱ्यांचा घाव मातीत. दोन आठवडे हेच. मग आकडा आणखी मोठा म्हणून हॅमर. हॅमर डोक्यात बसला पाहिजे, डोक्यात बसत राहिला तर मॉन्स्टर गरगरून पडतो. म्हणजे आग जिथून येते तिथेच जाऊन उभं राहायचं, आणि हातात ढाल नाही. एक आठवडा टिकले. हॅमरने शेपटी तुटत नाही हेही तेव्हाच कळलं. शेपटीला धारेचं शस्त्र लागतं.

मग एका सकाळी लोकलमध्ये उभ्या उभ्या वाचताना समजलं की पेटीवरचे आकडे फुगवलेले आहेत. या गेममध्ये प्रत्येक जातीच्या शस्त्राचा मूळ आकडा एका ठरावीक पटीने गुणून दाखवतात. ग्रेट स्वोर्डची पट ४.८, हॅमरची ५.२, लान्सची २.३, स्वोर्ड अँड शील्डची १.४. फोन तिथेच उघडून भागाकार केला. ३८४ भागिले ४.८, ८०. ४१६ भागिले ५.२, ८०. १८४ भागिले २.३, ८०. ११२ भागिले १.४, तेही ८०. चारही शस्त्रं एकाच आकड्याची! खरा फरक प्रत्येक वाराच्या ताकदीत आणि तेवढ्या वेळात किती वार बसतात त्यात असतो. जड शस्त्राचा एक घाव मोठा, हलक्याचे सहा छोटे. पण पेटीपाशी हे कुठेच लिहिलेलं नाही. दिवसभर हिशेब तपासणाऱ्या माणसाला असा आकडा दाखवणं म्हणजे काय, हे मी कुर्ल्याला उतरेपर्यंत मनात घोळवत होते. तेव्हा दोन जातींचे आकडे एकमेकांशी ताडू नका. एकाच जातीतल्या दोन शस्त्रांचे खुशाल ताडा, तिथे ते खरे आहेत. याच मालिकेतल्या २०२१च्या 'राइज'मध्ये ही पट काढून टाकलीय, तिथे दिसतो तोच आकडा.

क्रमवारीच्या याद्यांचंही तेच. अमुक शस्त्र पहिल्या नंबरावर, तमुक तळाला. त्या याद्यांमागे वेळा असतात त्या चार-पाच मिनिटांत मॉन्स्टर पाडणाऱ्यांच्या. त्यांना मार बसतच नाही. मला बसतो, आणि बसल्यावर काय करायचं याचं उत्तर त्या यादीत नाही.

गाठ सुटली ती भावामुळे. मी शाळेपासून मंडळाकडून कबड्डी खेळायचे, डावा कोपरा. भाऊ तेव्हा एवढासा होता, पण प्रत्येक सामन्याला मैदानाच्या कडेला हजर. त्या रात्री तो शेजारी बसून मी पुन्हा हरताना बघत होता. मांजरांनी तिसऱ्यांदा गाडी ओतली, तेव्हा म्हणाला,

"ताई, तू चढाई कधी केलीस गं?"

"मी कशाला करू? मी कोपऱ्यात असायचे."

"मग इथे का करतेयस? येऊ दे ना त्याला."

मी कंट्रोलर खाली ठेवला. खरंच होतं ते. कोपऱ्यातली मुलगी आधी हात टाकत नाही. चढाईवाली येते, बोनससाठी पाय टाकते, आणि तिचा तोल त्या पायावर गेला की घोटा धरायचा. माझी सगळी वर्षं कोणाच्या तरी पायाकडे बघत थांबण्यात गेली होती. ॲन्जनाथसमोर मी थांबत होते ती भीतीने थांबत नव्हते. तो माझा खेळच होता. हातातली शस्त्रं मात्र चढाईची होती.

दुसऱ्या दिवशी सरावाच्या जागी गेले. ही जागा मी आधी बघितलीच नव्हती, तुम्ही पहिल्या दिवशी बघा. आपल्या खोलीतल्या मांजराला सांगितलं की ते नेतं. चौदाही जातींचं एकेक शस्त्र पेटीत सुरुवातीपासून असतं, विकत घ्यावं लागत नाही. पण तिथल्या सरावाच्या पिंपांवर वार करून शस्त्र निवडू नका. पिंप उलटा वार करत नाही. तिथे फक्त बटणं शिकायची.

मी लान्स घेतला. लांब भाला आणि अंगभर ढाल. त्रिकोण किंवा गोल दाबून सलग तीन भोसके मारायचे, कंट्रोलरवरचं आर-टू बटण धरलं की ढाल पुढे. आणि आर-टू धरून गोल दाबलं की पवित्रा बसतो. त्या क्षणी मॉन्स्टरचा वार ढालीवर आदळला की भाला आपोआप उलटा जातो. ही पकडच! तो पाय टाकतो, आपण घोटा धरतो. शिवाय पळायला लागत नाही. ढालीमागे डरकाळीही अडते, कान धरून उभं राहावं लागत नाही. मार अडवताना दमाची पट्टी तेवढी घटते. ती रिकामी असताना मोठा वार आला तर ढाल उघडते आणि मग फजिती.

पहिल्या रात्री हरले, पण पन्नास मिनिटं संपली म्हणून. बेशुद्ध एकदाच पडले होते. मला त्या हरण्याचा इतका आनंद झाला की आईने आतून विचारलं, जिंकलीस का गं?

तिसऱ्या रात्री ॲन्जनाथ पडला. त्रेचाळीस मिनिटं. शेवटची दहा मिनिटं मी त्याच्या उजव्या पायाशी होते. पाय उचलला की पवित्रा, आपटला की भाला, मग तीन भोसके, पुन्हा पवित्रा. पायावर मार साठला की तो आडवा होतो हे मला ठाऊक होतं, अनुभव तेव्हा आला. भाऊ झोपला होता. त्याला उठवून दाखवलं.

तर कोणी विचारलं की कुठलं शस्त्र, तर मी उलट विचारते, मॉन्स्टर अंगावर आला की तुझं पहिलं बोट कुठल्या बटणावर जातं? लांब पळत असशील तर बो, म्हणजे धनुष्य, किंवा दोन्ही बोगनपैकी, म्हणजे लांबून मारा करणाऱ्या बंदुकांपैकी, एक बघ. लोळण घेऊन त्याच्या पोटाखाली शिरत असशील तर ड्युअल ब्लेड्स, म्हणजे दोन हातांत दोन पाती. जागा सोडवत नसेल तर लान्स, किंवा गनलान्स. गनलान्स म्हणजे बार उडवणारा भाला, त्याच्या बाराला मॉन्स्टरची कातडी किती जाड याने फरक पडत नाही. माझ्या भावाला विचारलं, त्याचं बोट थेट वाराच्या बटणावर गेलं. तो लाँग स्वोर्ड खेळतो आणि सुरेख खेळतो. हे उत्तर पिंपावर मिळत नाही, जो मॉन्स्टर हरवतोय त्याच्यासमोरच मिळतं.

वर राहून गेलेल्या गोष्टी, आठवतील तशा. ॲन्जनाथला पाणी सोसत नाही, पाण्याचा गुण असलेलं शस्त्र असेल तर ते न्या. अंगाला आग लागली तर नलबेरी हे गेममधलं फळ खा, पण लान्स उघडा असताना खाता येत नाही, आधी आवरावा लागतो. शस्त्र हातात असताना औषध घ्यायची सोय स्वोर्ड अँड शील्डला आहे. घाबरल्यावर बाटली शोधणाऱ्यांनी ११२ आकड्याकडे बघून ते बाजूला टाकू नये. शिकारीला निघण्याआधी गेममध्ये जेवा, मी पहिले कित्येक दिवस उपाशीच जात होते. धार दाखवणारा रंग हिरव्यावरून पिवळ्यावर आला की थांबून दगड घासा, दगड संपत नाही. लोहाराकडे शस्त्र सुधारताना चुकीची वाट धरली तर बऱ्याचदा मागे घेता येतं. सामान परत मिळतं, पैसे मिळत नाहीत. हे माहीत नव्हतं म्हणून मी हॅमर वाढवायला घाबरत बसले होते. चौघं मिळून खेळत असाल तर लाँग स्वोर्डवाल्याने जरा अंतर ठेवावं, त्याच्या वाराने सोबतचे अडखळतात. हंटिंग हॉर्नवाला भेटला तर त्याला जपा, त्याच्या सुरांनी सगळ्यांचं बळ वाढतं.

फेब्रुवारी २०२५मध्ये आलेल्या मालिकेतल्या 'वाइल्ड्स'मध्ये दोन शस्त्रं सोबत नेता येतात, एक हातात आणि एक स्वारीच्या प्राण्यावर. तिथे निवड सोपी होईल असं काही जण म्हणतात. मला वाटतं पहिलं आपलं ठरलेलं असेल तरच दुसऱ्याचा उपयोग.

लान्सची अडचण एकच, मॉन्स्टर उडाला की टोक पोचत नाही. सध्या मी रॅथलॉस या उडणाऱ्या मॉन्स्टरपाशी आहे आणि तो अर्धा वेळ हवेत असतो. डोळे दिपवणारा फ्लॅश पॉड त्याच्या डोळ्यांसमोर फुटला की तो खाली पडतो. असे पॉड एका वेळी तीनच बाळगता येतात. तीन पूर्ण असल्याशिवाय मी तळ सोडत नाही.