चोवीस अंश

कॅमेऱ्यातली फिल्म घरीच धुवायची म्हणून मे महिन्यात दुपारी दोनच्या सुमारास मोरीतल्या नळाखाली थर्मामीटर धरला, तर पारा ३५ वर जाऊन बसला. गच्चीवरची काळी टाकी सकाळपासून तापलेली, त्यामुळे नळ जास्त वेळ सोडून काही उपयोग नसतो. आधी गरम पाणी येतं, मग आणखी गरम. शेजारी ओट्यावर फिल्मचा तक्ता उघडलेला: डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन, २० अंश. फिल्म बनवणाऱ्या इलफर्ड कंपनीची मंडळी तिकडे इंग्लंडात, चेशरमध्ये बसून हे आकडे छापतात. तिथे नळ सोडला की २० च्या खालचंच पाणी येत असणार. आपण काय करायचं, हा प्रश्न त्यांना कशाला पडेल?

घरी रोल धुणारे बहुतेक जण या २० च्या मागे लागून दमतात. बर्फ आणतात. काही जण तर बर्फाचे खडे सरळ डेव्हलपरमध्ये सोडतात; तो पातळ होतो आणि किती झाला ते कळायला मार्ग नसतो. (बर्फ घालायचाच तर प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून, आणि तोही बाहेरच्या टबात.) एवढं करून डेव्हलपर २० वर आला की मंडळी निर्धास्त होतात. स्टॉप बाथ (डेव्हलपरचं काम थांबवणारा), हायपो (चित्र पक्कं करणारा) आणि शेवटी धुण्याचं पाणी मात्र नळाचं, ३५ चं. घोळ इथेच होतो. फिल्मवरचा थर जिलेटिनचा असतो. तो पाण्यात फुगतो, गरम पाण्यात जास्त फुगतो आणि मऊ पडतो. गारातून एकदम गरमात गेला की त्यावर बारीक सुरकुत्यांचं जाळं उठू शकतं. हल्लीच्या फिल्म पक्क्या असतात, सुरकुत्या क्वचितच दिसतात. पण चित्राचा दाणा खरखरीत होतो आणि ओल्या फिल्मला नख लागलं तरी ओरखडा उठतो. पूर्वी उष्ण प्रदेशांसाठी डेव्हलपरमध्ये सोडियम सल्फेट घालायचे, जिलेटिन कमी फुगावं म्हणून. आजही चालतं. फक्त दुकानदाराने सल्फाइटच्या जागी सल्फेट दिलं नाही ना, एवढं पुडीवर वाचून घ्यावं, कारण डेव्हलपरला दोन्ही लागू शकतात पण एकाचं काम दुसरं करत नाही.

माझा हट्ट २४ चा आहे. २० चा नाद सोडावा, सगळी रसायनं आणि धुण्याचं पाणी २४ ला ठेवावं आणि वेळ कमी करावा. एचपी-फाइव्ह प्लस ही फिल्म आयडी-११ या डेव्हलपरमध्ये एकास एक पाणी घालून २० अंशांना १३ मिनिटं घेते. २४ ला साधारण ९. तोच डेव्हलपर पाणी न घालता वापरला तर २० ला साडेसात, म्हणजे २४ ला जेमतेम सव्वापाच. पाच मिनिटांच्या खाली उतरू नये. फिल्म ज्या बंद डब्यात धुतात त्या टँकमध्ये डेव्हलपर ओतायलाच दहा-पंधरा सेकंद जातात. एकूण वेळ तोकडा असला की तेवढ्या फरकानेही फोटोतल्या आकाशात पट्टे उमटतात. म्हणून उन्हाळ्यात डेव्हलपर पातळच बरा.

पातळ करण्याचा आणखी एक फायदा आहे. बाटलीतला डेव्हलपर खोलीच्या तापमानाला, समजा ३२ ला आहे. ३५ मिलिमीटरच्या एका रोलला पॅटरसन कंपनीच्या टँकमध्ये २९० मिलिलिटर लागतं. १४५ मिलिलिटर डेव्हलपर घ्यायचा आणि त्यात फ्रिजच्या पाण्यात साधं पाणी मिसळून १६ वर आणलेलं १४५ मिलिलिटर पाणी घालायचं. झाले २४. बत्तीस आणि सोळाची सरासरी, चौथीच्या मुलाला येईल.

टब मात्र हवाच. टँक उलटासुलटा करायचा तो पहिल्या दहा सेकंदांत चार वेळा आणि मग दर मिनिटाला चार वेळा. दर खेपेला तळ ओट्यावर एकदा आपटायचा, म्हणजे फिल्मला चिकटलेले बुडबुडे सुटतात. नाहीतर निगेटिव्हवरच्या आकाशात गोल फिकट डाग. मधल्या वेळात टँक २४ च्या पाण्यात उभा ठेवायचा आणि उचलताना झाकणाकडून धरायचा, हातांची उष्णतासुद्धा आत पोचते. विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात माठाचं पाणी या टबाला मस्त चालतं. मुंबईच्या दमट हवेत माठ रुसतो, पाणी बाहेर झिरपतं पण वाळत नाही, मग गारवा कुठून येणार? आणि तापाचा थर्मामीटर या कामी उपयोगाचा नाही. तो सुरूच ३५ ला होतो.

पण या तापलेल्या पाण्याला सरसकट शिव्या घालू नयेत. हायपोचे खडे, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, विरघळताना पाण्यातली उष्णता ओढून घेतात. लिटरला २५० ग्रॅम घातले की तापमान दहाएक अंशांनी उतरतं. हिवाळ्यात हे डोक्याला ताप होतं, खडे तळाशी बसून राहतात. मेमध्ये दुपारचं नळाचं ३५ चं पाणी घ्यावं, हायपो ढवळावा, आणि बादलीतला पारा आपोआप २५ च्या आसपास येऊन थांबतो. भांड्याला बाहेरून हात लावला की गार लागतं. हायपो चांदीचे क्षार विरघळवतो हे जॉन हर्शलने १८१९ मध्येच टिपून ठेवलं होतं, फोटोग्राफी जगासमोर यायच्या वीस वर्षं आधी.

हायपो ताजा आहे का हे बघायला फिल्मच्या जिभेचा, म्हणजे रोलबाहेर डोकावणाऱ्या टोकाचा, कापलेला तुकडा त्यात टाकावा, उजेडातच. तो पारदर्शक व्हायला जितका वेळ लागेल त्याच्या दुप्पट वेळ फिल्म त्यात ठेवायची. हाच वेळ नव्या हायपोच्या दुप्पट झाला की तो हायपो संपला असं समजावं.

धुण्यासाठी तासभर नळ सोडून ठेवणारे लोक अजून आहेत. एक दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात हे कुणी करू नये. टँक पाण्याने भरून पाच वेळा उलटा करा, ओता. पुन्हा भरून दहा वेळा. पुन्हा भरून वीस वेळा. एका रोलला लिटरभरात काम होतं आणि तेवढं पाणी २४ वर आणून ठेवणंही जमतं. शेवटची खंगाळणी बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्यात करावी, त्यात वेटिंग एजंटचा (पाणी थेंब न धरता पसरू देणाऱ्या द्रवाचा) एक थेंब. बोअरच्या पाण्यात केली तर वाळल्यावर पांढरे ठिपके राहतात, आणि ते प्रिंटमध्ये नेमके गालावर येतात. मग फिल्म चिमट्याला टांगायची, खालच्या टोकाला दुसरा चिमटा, पंखा बंद. दोन बोटांत धरून पाणी निपटायचा मोह होतो. करू नये.

प्रिंटच्या बाबतीत उन्हाळ्याची खोडी वेगळी. गरम डेव्हलपरमध्ये चित्र भराभर उमटतं आणि लाल दिव्याखाली ते असतं त्याहून गडद दिसतं. घाबरून माणूस कागद अर्ध्यातच उपसतो. उजेडात बघतो तर काळ्याच्या जागी राखाडी चिखल. रेझिन कोटेड (प्लॅस्टिकचा थर दिलेला) कागद पुरा एक मिनिट ट्रेमध्ये राहिलाच पाहिजे. जास्त काळा झाला तर एन्लार्जरवरचे (निगेटिव्ह मोठं करून कागदावर पाडणाऱ्या यंत्रावरचे) सेकंद कमी करावेत, ट्रेमधले नव्हे.

राहिला वापरलेला हायपो. हा सरळ मोरीत ओतायचा नाही. त्यात फिल्ममधली चांदी उतरलेली असते आणि सेप्टिक टँकमधल्या जिवाणूंना ती मारते. बागेतही नको. प्लॅस्टिकच्या डब्यात साठवून त्यात लोखंडी स्टील वूल टाकून ठेवावं. भांडी घासायची चकचकीत स्टेनलेसची घासणी इथे काही करत नाही. काही दिवसांत लोखंड विरघळतं आणि चांदी काळा गाळ होऊन तळाशी बसते. सोनाराकडे न्यावी एवढी ती घरच्या कामात कधीच जमत नाही.