बंबाचा फोटो तपकिरी करावा का?

रविवार, रात्री

तांबट आळीतला फोटो अखेर मनासारखा छापून झाला. कसबा पेठेतलं ते अरुंद दुकान, म्हातारे तांबट बंबाच्या पोटावर मठारकाम करतायत, डावा हात बंब फिरवतोय आणि उजव्या हातातला हातोडा हवेत. इल्फर्डचा फायबर कागद, बारा बाय सोळा. मागची भिंत थोडी बर्न करावी (जास्त उजेड देऊन गडद करावी) लागली, बाकी निगेटिव्हने काही त्रास दिला नाही. आता हा असाच काळा-पांढरा ठेवायचा की टोन करायचा, म्हणजे रसायनात बुडवून रंग बदलायचा, एवढंच ठरायचंय.

मला विचाराल तर असाच. पण फोटो लागणार त्यांच्या दुकानात, आणि त्यांच्या मुलाने आधीच सांगून ठेवलंय, "काका, जरा तपकिरी करा ना. आजोबांच्या फोटोसारखा. जुना वाटला पाहिजे."

आजोबांचा फोटो मी खिळ्यावरून उतरवून उजेडात पाहिला होता. कडांना आरशासारखी चंदेरी झाक, तिरका धरला की चमकते. पागोट्याच्या घड्या पिवळटपणात विरून गेलेल्या. हा रंग कुणी मुद्दाम दिलेला नाही. फोटोतलं काळं म्हणजे चांदीचे बारीक कण. ती चांदी वर्षानुवर्षं खराब होत गेली, त्याचा हा रंग. हायपो, म्हणजे फोटो पक्का करायचं रसायन, नीट धुतला गेला नसेल, त्यात पावसाळ्याची दमट हवा आणि शेजारी भट्टी. मुलाला जो 'लुक' हवाय तो खरं तर आजार आहे. पण आजोबांच्या फोटोबद्दल असं तोंडावर कसं बोलणार!

राजा दीनदयाळांचे (१८४४–१९०५) फोटो तपकिरी आहेत त्याची गोष्ट वेगळी. अल्ब्युमेन, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेल्या, कागदावर उन्हात प्रतिमा उमटायची तीच तांबूस. मग सोन्याच्या क्षाराच्या द्रावणातून काढली की ती जांभळटाकडे झुकायची आणि जास्त टिकायची. जुनं दिसावं म्हणून कुणी ते करत नव्हतं, त्यांच्यासाठी तो आजचा, ताजा फोटो होता. आपल्याला मात्र तपकिरी दिसलं की थेट पेशवाई आठवते. पेशवाई बुडाली १८१८ला आणि कॅमेऱ्याची बातमी जगाला कळली १८३९ला, हा भाग अलाहिदा.

आणि इथे तर माणूस समोर हातोडा मारतोय. फोटोत ऐरणीजवळ त्यांचा मोबाइल पडलाय, स्क्रीनला तडा गेलेला. या सगळ्यावर सेपिया, म्हणजे तो तपकिरी टोन, चढवला तर चालता-बोलता कारागीर भूतकाळात जमा होतो. तांबं आहे म्हणून तपकिरी, हा युक्तिवादही मला पटत नाही. मग भिंत, बनियन, चेहरा सगळंच तांब्याचं होतं आणि बंब त्यात हरवतो. काळ्या-पांढऱ्यात तांबं ओळखू येतं ते मठारामुळे. प्रत्येक ठोक्याची एक छोटी खोलगट टिकली, आणि तिच्या एका कडेला उजेडाचा ठिपका. तो ठिपका म्हणजे निव्वळ कोरा कागद. तिथे चांदीच नाही, त्यामुळे कुठलाही टोनर आला तरी तो पांढराच राहणार.

इथवर सगळं माझ्या बाजूचं. घोडं अडतं ते भट्टीपाशी. कोळशाच्या धुरात गंधक असतो आणि गंधक व चांदीचं हाडवैर आहे. देवघरातली चांदीची भांडी काळी पडतात ती त्यानेच. टोन न केलेला प्रिंट त्या दुकानात लावला तर उद्या त्याचीही गत आजोबांच्या फोटोसारखी होईल. सेपियात आपणच आधी चांदीचं सिल्व्हर सल्फाइड करून टाकतो, मग धुराला खायला फारसं काही उरत नाही. काट्याने काटा काढायचा. म्हणजे आवड बाजूला ठेवली तरी टोनिंग हवंच. प्रश्न फक्त कुठलं, आणि किती.

नुसता पातळ सेलेनियम टोनर वापरणं सोपं होतं. या कागदावर त्याने रंग फारसा बदलत नाही, काळे आणखी खोल जातात. पण सेलेनियम आधी सावल्यांतली चांदी धरतं. फिकट भाग, म्हणजे चेहरा आणि बनियन, जवळपास तसेच उघडे राहतात. सेपियाचं नेमकं उलट. त्याचं ब्लीच, म्हणजे प्रतिमा फिकी करणारं पहिलं द्रावण, आधी फिकट भागांवर चालतं, काळ्यांपर्यंत उशिरा पोचतं. तेव्हा दोन्ही करायचं ठरवलं.

ब्लीच एरवीपेक्षा बरंच पातळ केलं. गालावरचा उजेड जरा पिवळसर झाल्यासारखा दिसला की लगेच बाहेर काढून पाण्यात. मग थायोयुरिया, म्हणजे तपकिरी रंग आणणारं द्रावण. (सोडियम सल्फाइडने काम तेच होतं, पण सडक्या अंड्यांचा तो वास जिन्यात गेला असता तर उद्या सोसायटीची मीटिंग भरली असती.) पुन्हा भरपूर धुऊन शेवटी सेलेनियम, एकास वीस. हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून. ओल्या प्रिंटवरून काही ठरवायचं नाही. फायबर कागद वाळला की एक पायरी गडद होतो.

मंगळवार

सकाळी साधा आणि टोन केलेला, दोन्ही प्रिंट खिडकीत शेजारी शेजारी धरले. टोन केलेल्यात बंबाच्या पोटाखालचा काळोख जास्त दाट आहे. चेहऱ्यावर मात्र किंचित ऊब आलीये, सायीच्या रंगाची. साधा प्रिंट बाजूला नसेल तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. मोबाइल अजून मोबाइलच दिसतोय. मला तरी हे मान्य आहे.

मुलगा म्हणेल, अजून थोडं तपकिरी चाललं असतं. म्हणून फ्रेम पक्की करूनच नेणार आहे. काच आणि प्रिंट यांच्यामध्ये माउंट (पुठ्ठ्याची चौकट), मागून पट्टी चिकटवून बंद, म्हणजे धूरही आत नाही आणि चर्चाही नाही. जाताना आजोबांचा फोटो दोन दिवसांसाठी मागून आणेन. जे उरलंय त्याची आत्ताच कॉपी काढलेली बरी. ती छापताना मात्र पुरती सेपिया करेन. घरातल्यांनी आजोबांना तपकिरीच पाहिलंय, तिथे माझा हट्ट कशाला.