बोलेरोच्या कामाची नोंद : मंद सेल्फ आणि जड ॲक्सिलरेटर

गेल्या डिसेंबरात निफाडकडचा पारा उतरू लागला आणि आमची बोलेरो सकाळी सुरू व्हायला अडू लागली. तेव्हापासून होळीपर्यंत सुट्टीच्या दिवशी केलेल्या कामाची ही नोंद आहे. गाडी २००६ ची, २५२३ सीसीच्या डीआय डिझेल इंजिनाची, पंधरा वर्षांनंतरची पुनर्नोंदणी झालेली आणि आजही आठवड्यातून दोनदा पिंपळगाव बसवंतजवळच्या शेतावर जाणारी आहे. महिंद्राचा कारखाना आमच्याच शहरात असल्यामुळे या गाडीचे सुटे भाग आणि तिच्यावर हात बसलेले मिस्त्री नाशिकमध्ये सहज मिळतात. तरीही ज्या दोषाने आम्हाला तीन महिने फिरवले, तो कोणत्याही दुकानातला महागडा भाग बदलून जाणारा नव्हता.

तक्रारी चार होत्या. थंडीत सेल्फ, म्हणजे इंजिनाला पहिली फिरकी देणारी स्टार्टर मोटर, मारला की इंजिन घर्र... घर्र... असे अंग चोरून फिरे आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी कसेबसे पकड घेई. ॲक्सिलरेटर जड झाला होता आणि पाय काढल्यावर पेडल लगेच मागे येत नसे. रात्री हेडलाइट लावले की इंजिनाच्या तापमानाचा काटा दोन रेघा वर चढे आणि दिवे बंद केले की पुन्हा खाली येई. शिवाय किल्ली फिरवून इंजिन बंद करताना गाडीला असा हिसका बसे की गिअरचा दांडा थरथरत राही. या चारही गोष्टी मी वेगवेगळ्या धरल्या आणि एकेक करून सोडवायला निघालो. पुढचा सगळा वेळ आणि पैसा त्याच समजुतीपायी गेला.

पहिल्या फेरीत नवी बॅटरी बसवली. जुनी चार वर्षांची होती, त्यामुळे त्या खर्चाचे वाईट वाटले नाही. आठवडाभर सेल्फ बरा लागला आणि पुन्हा तेच सुरू झाले. दुसऱ्या फेरीत सेल्फ उतरवून एका गॅरेजमध्ये खोलून घेतला, कार्बन आणि बुश बदलले. बाकावर ठेवून थेट बॅटरीवर लावला तेव्हा तो इतका जोरात फिरला की हातातून सुटेल असे वाटले, पण गाडीत बसवल्यावर पुन्हा मंद. याच जागी मी थांबून विचार करायला हवा होता. बाकावर चांगला आणि गाडीत वाईट, याचा अर्थ दोष सेल्फमध्ये नसून सेल्फपर्यंत जाणाऱ्या किंवा सेल्फकडून परतणाऱ्या वाटेत आहे.

आमच्या गल्लीत एक निवृत्त वायरमन काका राहतात. त्यांना हे सांगितल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, "जाणारी वायर तपासलीस, येणारी तपासलीस का?" मी म्हणालो, "काका, मल्टिमीटर ओहमवर ठेवून इंजिन आणि चॅसी तपासली, शून्य दाखवतो." ते म्हणाले, "अरे, एक तार शिल्लक असली तरी मीटर शून्यच दाखवील. सेल्फ मारताना बघ."

त्यांचे म्हणणे नीट समजून घेण्यासारखे आहे. साधा मल्टिमीटर ओहमवर, म्हणजे अडथळा मोजायला, ठेवला की अगदी क्षीण प्रवाह सोडून मोजमाप करतो. सेल्फ मात्र दीडशे-दोनशे अँपिअर आणि त्याहूनही जास्त ओढतो. जोडणीत केवळ ०.०१५ ओहमचा अडथळा असेल, तर तो आपल्या मीटरच्या पिनांच्या अडथळ्यातच हरवून जातो. परंतु १६० अँपिअर वाहू लागले की तोच अडथळा २.४ व्होल्ट खाऊन टाकतो. म्हणून जाड वायरींची तपासणी प्रवाह चालू असताना, व्होल्टवरच करावी लागते : वायरीच्या दोन टोकांना मीटरच्या दोन पिना लावायच्या, किल्ली मारायची आणि त्या वायरीवर किती व्होल्ट पडतात, म्हणजे वाटेत खर्च होतात, ते वाचायचे.

दुसऱ्या दिवशी पहाटे, इंजिन गार असताना, पुतण्याला किल्लीवर बसवले. "काका, मारू?" असे तो विचारी आणि मी मीटरवर नजर ठेवून हो म्हणे. उभ्या गाडीत बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरलेली. सेल्फ मारताना बॅटरीच्या दोन खुंट्यांवर १०.६ आणि सेल्फच्या जाड बोल्टपासून सेल्फच्या अंगापर्यंत फक्त ७.९. मधले २.७ व्होल्ट वाटेत गेले होते. बॅटरीच्या धन खुंटीपासून सेल्फच्या बोल्टपर्यंत पडणारे व्होल्ट ०.३ निघाले, जे या वयाच्या गाडीला चालण्यासारखे आहेत. बॅटरीच्या ऋण खुंटीपासून इंजिन ब्लॉकपर्यंत मात्र २.४. या बाजूला अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त पडू नयेत, असा साधारण नियम आहे.

माझ्या गाडीत बॅटरीची ऋण वायर चॅसीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला जाते आणि चॅसीपासून गिअरबॉक्सच्या तोंडाशी तांब्याची विणलेली अर्थिंग पट्टी, म्हणजे प्रवाह परतण्याची वाट, जाते. इंजिन रबरांवर बसलेले असल्यामुळे त्याचा चॅसीशी विजेचा पक्का संबंध एवढाच. खाली झोपून टॉर्चच्या उजेडात पाहिले तेव्हा पट्टी जागेवर दिसत होती, दोन्ही बोल्ट घट्ट होते. बोटाने उचलली तेव्हा मात्र लगच्या, म्हणजे टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीच्या, अगदी मुळाशी ती तुटलेली निघाली. शे-दोनशे बारीक तारांपैकी जेमतेम पंधरा-वीस धरून होत्या, बाकीच्यांची टोके हिरवट पडून झाडूच्या काड्यांसारखी पिंजारलेली होती. वरून तेल आणि धुळीचा काळा थर असल्यामुळे नुसत्या नजरेला हे कधीच दिसले नसते.

खात्रीसाठी जंपर केबलची एक दोरी घेतली, एक चिमटा बॅटरीच्या ऋण खुंटीला आणि दुसरा इंजिन उचलण्याच्या लोखंडी कडीला लावला. पुतण्याने किल्ली फिरवली आणि इंजिन अर्ध्या फेरीत सुरू झाले. त्या आवाजाने मला किती आनंद झाला, हे जुनी डिझेल गाडी सांभाळणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

मग उरलेल्या तक्रारींकडे पुन्हा पाहिले. पट्टी तुटल्यावर सेल्फचा प्रवाह थांबत नाही, तो दुसरी वाट शोधतो. इंजिनापासून बॉडीपर्यंत धातूने पोहोचणारी जी काही वाट असेल, म्हणजे ॲक्सिलरेटरची केबल, स्पीडोमीटरची केबल, तिच्यातून तो परततो. चिमटा काढून पुतण्याला तीन वेळा सेल्फ मारायला लावले आणि केबलच्या आवरणाला फायरवॉलपाशी, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यापाशी, बोट लावले, तर ते चटका बसण्याइतके गरम झाले होते. केबल उतरवून हॅकसॉने उभी चिरली. आतल्या प्लास्टिकच्या नळीचा चार बोटे लांबीचा भाग वितळून तारेला चिकटला होता आणि तेवढ्याच लांबीत पोलादी तार निळसर तपकिरी पडली होती. पेडल जड होण्याचे कारण माझ्या हातात होते. तोवर मी तिच्यात दोन वेळा तेल सोडले होते आणि मागे ओढणारी स्प्रिंगही बदलली होती. आत विजेने भाजलेल्या केबलला तेलाचा काय उपयोग होणार? ज्यांची ॲक्सिलरेटर किंवा क्लच केबल वरचेवर जड होते, त्यांनी नवी केबल घालण्याआधी अर्थिंग जरूर मोजावे, नाहीतर नवीही तशीच भाजेल. हा प्रश्न सुरक्षिततेचाही आहे. घाटात पाय काढल्यावर ॲक्सिलरेटर अडकून राहणे म्हणजे जिवाशी गाठ.

तापमानाच्या काट्याचे कोडेही इथेच सुटले. तापमानाचा सेन्सर इंजिनाच्या अंगातून अर्थ घेतो, तर डॅशबोर्डवरचा मीटर बॉडीतून. हेडलाइटचा प्रवाह बॉडीतून इंजिनाकडे, म्हणजे इंजिनावर बसलेल्या, वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरकडे परत जाताना त्या तुटक्या पट्टीवर व्होल्ट पडतात, बॉडी आणि इंजिन यांच्या पातळीत फरक निर्माण होतो आणि काटा खोटे बोलतो. इंजिन चालू ठेवून, दिवे आणि ब्लोअर लावून मोजले तर अल्टरनेटरच्या अंगावर १४.२ व्होल्ट आणि बॅटरीवर १३.४, त्यातले ०.६ ऋण बाजूला आणि ०.२ धन बाजूला पडत होते. नव्या बॅटरीवर ताण का पडत होता, तेही यातून कळले : सकाळी सेल्फ जास्त वेळ मारावा लागे आणि दिवे-ब्लोअर लावले की तिला चार्ज कमी मिळे.

आता पट्टी तुटली कशाने? नुसती नवी पट्टी लावून थांबलो असतो तर ती वर्षभरात पुन्हा तुटली असती, कारण इंजिन बंद करतानाचा हिसका अजून तसाच होता. डाव्या बाजूचे इंजिन माउंटिंग, ज्याला आपले मिस्त्री फाउंडेशन म्हणतात, ते पाहिले. रबर फुगून मऊ झाले होते आणि लोखंडी पत्र्यापासून निम्मे सुटले होते. पहारीने इंजिन जरा उचकटले की भेग तोंड वासे. रबर फुगते ते तेलाने, म्हणून तेलाचा माग काढत वर गेलो. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, पॅकिंगमधून झिरपणारे तेल ब्लॉकवरून ओघळत नेमके त्या माउंटिंगवर ठिबकत होते. त्याच्याही वर, ब्रीदरची, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी काळ्या गाळाने जवळपास बंद झालेली. क्रँककेसमधल्या, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोकळीतल्या, वाफेला बाहेर पडायला वाट नसली की दाब वाढतो आणि तेल पॅकिंगमधून वाट काढते. नळीतल्या गाळापासून भाजलेल्या केबलपर्यंत ही एकच साखळी होती. हिचा दोष मी कारखान्याला देणार नाही. वीस वर्षांच्या वापराचा आणि ब्रीदर कधीच न उघडणाऱ्या आमच्या देखभालीचा हा परिणाम आहे.

दुरुस्ती मी साखळीच्या वरच्या टोकापासून केली. ब्रीदरची नळी डिझेलने धुऊन वाळवली. टॅपेट कव्हरचे पॅकिंग बदलले. जुने खरवडताना कण आत पडू नयेत म्हणून व्हॉल्व्हवर स्वच्छ फडके टाकले आणि कव्हरचे नट मधल्यापासून बाहेरच्या बाजूला थोडे थोडे आवळले, कारण जोर लावून आवळलेले कव्हर वाकते आणि पुन्हा गळते. माउंटिंगला एक अख्खा रविवार लागला. बॅटरीची ऋण वायर काढून, संपखाली, म्हणजे इंजिनाच्या तळच्या तेलाच्या भांड्याखाली, जाड लाकडी फळी ठेवून जॅकने इंजिनाचा भार फक्त पेलून धरला. उचलताना पंखा रेडिएटरला टेकत नाही ना, हे दर अर्ध्या इंचाला पाहिले. माउंटिंग दोन्ही बाजूंची बदलली, कारण एक नवे आणि एक बसलेले असले तर इंजिन तिरपे बसते. बोल्ट आधी सैल ठेवून, जॅक काढून, इंजिन दोन मिनिटे चालवून स्थिर होऊ दिले आणि मगच पक्के आवळले.

पट्टी नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून घेतली : कथिल चढवलेल्या तांब्याची, ३५ चौरस मिलिमीटरची, दोन्ही टोकांना दाबून बसवलेल्या लगची. जुनी पट्टी आधी कोणीतरी आखूड घालून ताणून बसवली होती. नवी मुद्दाम लांब घेतली, म्हणजे इंजिन हलले तरी तिला मोकळा झोल राहील. चॅसीवरची जागा पॉलिश पेपरने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासली, दातेरी वॉशर घातला, बोल्ट आवळल्यावर वरून पेट्रोलियम जेली फासली. रंगावर लग आवळून अर्थिंग होत नाही, ही गोष्ट साधी असूनही अनेकदा राहून जाते. शिवाय बॅटरीच्या ऋण खुंटीपासून थेट इंजिनाला एक दुसरी वायर टाकली.

सगळे बसवल्यावर त्याच क्रमाने पुन्हा मोजले. सेल्फ मारताना बॅटरीवर १०.४, सेल्फवर ९.९ आणि ऋण बाजूला फक्त ०.१५. बॅटरीचा आकडा पूर्वीच्या १०.६ पेक्षा खाली आला, हे पाहून पुतण्या गोंधळला. पण सेल्फला आता हवा तेवढा प्रवाह मिळतो, म्हणून बॅटरी थोडी जास्त वाकते. ते चांगलेच लक्षण आहे. इंजिन चालू, दिवे आणि ब्लोअर चालू असताना अल्टरनेटरवर १४.२ आणि बॅटरीवर १३.९५.

मीटर बाहेर काढलाच होता म्हणून गाडी बंद असताना रात्री होणारी विजेची गळतीही पाहिली. बॅटरीच्या ऋण वायरीत अँपिअर मीटर जोडला, दारे बंद करून थोडा वेळ थांबलो आणि १८० मिलिअँपिअर दिसले, म्हणजे दिवसाला चार अँपिअर-तासांहून जास्त. फ्यूज एकेक काढत गेल्यावर ती आधीच्या मालकाने बसवून घेतलेल्या अलार्मपाशी सापडली. अलार्म काढला, ४० राहिले, तेवढे चालते. हे मोजताना मीटर जोडलेला असेपर्यंत किल्ली मात्र मुळीच फिरवू नये, मीटरचा फ्यूज तत्काळ उडतो.

होळीनंतरच्या रविवारी गाडी वणीमार्गे नांदुरीला नेली आणि सप्तशृंगी गडाचा घाट संध्याकाळी, हेडलाइट आणि ब्लोअर लावून चढवला. काटा मधल्या रेघेच्या जरा खाली राहिला आणि दिवे लावता-विझवताना हलला नाही. वळणावर पाय काढला की पेडल लगेच मागे येत होते. वर इंजिन बंद केले तेव्हा गिअरचा दांडा जागच्या जागी थांबला. हे सगळे आकडे कागदावर लिहून बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवले आहेत, म्हणजे पुढच्या डिसेंबरात पुन्हा मोजताना तुलना करता येईल. हेडलाइटसाठी रिले टाकून जाड वायरिंग करण्याचे काम अजून बाकी आहे. घरी आल्यावर रात्री इंजिनाखाली पांढरा पुठ्ठा सरकवून ठेवला होता. सकाळी तो कोरडा निघाला.