आमची वाटचाल: तीन बाणांचं वर्तुळ

वॉरंटीचे दावे तपासायचं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. त्याचा पाया म्हणजे संगणकशास्त्रज्ञ फान मिन्ह डुंग यांचा युक्तिवादावरचा 1995 चा शोधनिबंध: मुद्दे म्हणजे ठिपके, हरकती म्हणजे बाण, आणि कुठला मुद्दा टिकतो ते बाणांवरूनच ठरतं.

पहिलं गिऱ्हाईक सबमर्सिबल पंपांचं. 'वाइंडिंग जळालं, मोटर बदलून द्या' हा मुद्दा अ. 'पंप कोरडा चालला' हा ब, त्याचा बाण अ वर. 'पॅनेलला ड्राय रन प्रिव्हेंटर (पाणी संपलं की पंप बंद करणारं उपकरण) होता' हा क, बाण ब वर. 'प्रिव्हेंटर बायपास केलेला, फोटो आहे' हा ड, बाण क वर. ड वर एकही बाण नाही, म्हणून तो टिकला. त्याने क पाडला. मग ब मोकळा झाला आणि अ पडला. याला ग्राउंडेड उत्तर म्हणतात. हे कागदावरही निघतं, आणि दावा का नाकारला ते शेतकऱ्याला बोट ठेवून दाखवता येतं.

दुसऱ्या एका कंपनीच्या चाचणीत मात्र आम्ही जवळजवळ बुडालो. तिथे 'स्टेबल' पद्धत लावली होती: तिच्यात प्रत्येक मुद्दा एकतर टिकला पाहिजे, नाहीतर टिकलेल्या मुद्द्याने पाडला पाहिजे, अधांतरी काही चालत नाही. वायरमन म्हणे डीलर खोटा, डीलर म्हणे तपासनीस खोटा, तपासनीस म्हणे वायरमन खोटा. तीन बाणांच्या अशा वर्तुळाला स्टेबल उत्तर नसतंच. त्यातून महिन्याचे सगळे दावे एकाच फायलीत भरलेले. त्या एका वर्तुळापायी साऱ्या फायलीला उत्तर आलं नाही. क्लिंगो हा सॉल्व्हर, म्हणजे उत्तर शोधणारा प्रोग्रॅम, 'अनसॅटिस्फायेबल' (उत्तर शक्य नाही) छापून थांबला, समोरच्यांना वाटलं प्रोग्रॅम कोसळला. काम प्रतिस्पर्ध्याला गेलं. त्यांचं यंत्र प्रत्येक दाव्यावर गुळगुळीत परिच्छेद लिहायचं, पण कुठली हरकत अनुत्तरित राहिली ते त्यातून कळत नसे. हे आम्ही तेव्हाही सांगितलं होतं. कुणी ऐकलं नाही, आणि ते आजही सलतं.

त्यानंतर प्रत्येक दाव्याची फाइल वेगळी केली आणि ग्राउंडेड आधी लावलं. ते मोठ्या फायलीवरही झटपट निघतं, आणि असं वर्तुळ आलंच तर तिघेही 'अनिर्णित' राहतात. तो दावा माणसाकडे जातो, बाकीचे अडत नाहीत.

या धंद्यात नव्याने येणाऱ्यांनी सॉल्व्हरच्या वेगामागे लागू नये. चुका बाण काढतानाच होतात. 'मोटर सदोष' आणि 'मोटर निर्दोष' यांत बाण दोन्हीकडून हवेत. 'मीटर कॅलिब्रेट केलेला नव्हता' ही हरकत मात्र मीटरच्या पुराव्यावर एकाच बाजूने जाते. तिथे उलटा बाण काढला की पडायला हवा तो पुरावा स्वतःचाच बचाव करतो आणि दावा विनाकारण अनिर्णित राहतो. पुष्टी देणारा मुद्दाही पुष्कळ जण बाणाने जोडतात. या आराखड्यात बाण म्हणजे हल्लाच. तज्ज्ञाचं मत नोंदवताना युक्तिवादाचे अभ्यासक डग्लस वॉल्टन यांचे प्रश्न विचारावेत: हा याच विषयाचा तज्ज्ञ आहे का, दुसरे तज्ज्ञ सहमत आहेत का, मत पुराव्यावर उभं आहे का? ज्याला नकारार्थी उत्तर येईल, तो एक बाण.

पंपवाल्यांचे तपासनीस आजही आधी पेन्सिलीने बाण काढतात, मगच फाइल भरतात. त्यांच्या फायलींत उलटा बाण आम्हाला क्वचितच सापडतो.