झडपेच्या शस्त्रक्रियेनंतर घरी येताना

हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया झालेल्या बाईला घरी सोडताना डॉक्टर ‘आता आराम करा’ असे सांगतात आणि सोबत असलेले सगळे माना डोलावतात. पण कोकणातल्या जुन्या घरात बाईने आराम करायचा म्हणजे नेमके काय करायचे, याची कल्पना घरात फारशी कोणाला नसते, कारण त्या घराचा सारा दिवस तिच्याच हातांवर चाललेला असतो. माझी मायट्रल झडप, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप, वैशाखात कोल्हापूरला बदलली आणि त्यानंतरची प्रकृती सुधारली ती राजापूर तालुक्यातल्या आमच्या घरी, भर पावसाळ्यात. त्या अनुभवावरून माझे ठाम मत झाले आहे की, घराची मांडामांड आणि कामांची वाटणी रुग्ण घरी येण्याआधीच व्हायला हवी. आल्यावर बघू म्हटले की पहिल्याच सकाळी हात सवयीने कळशीकडे जातो.

माझ्या झडपेचे दुखणे लहानपणापासूनचे होते. घसा दुखून ताप येणे, मग सांधे सुजणे, हे आमच्या वेळी अंगावरच काढले जाई. स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूमुळे घशाला झालेल्या अशा संसर्गानंतर काही मुलांना संधिवाताचा ताप येतो आणि त्यात हृदयाच्या झडपा हळूहळू जाड होऊन आखडतात. तरुण किंवा मध्यम वयाच्या ज्या बायका आपल्याकडे झडप बदलून घेतात, त्यांच्यापैकी अनेकींच्या दुखण्याचे मूळ हेच असते.

शस्त्रक्रियेसाठी छातीचे मधले हाड उभे कापतात आणि नंतर स्टीलच्या तारांनी बांधतात. या तारा कायम आत राहतात. हाड जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात आणि त्यात पुरती ताकद यायला साधारण तीन महिने. तोपर्यंत चार-पाच किलोंपेक्षा जास्त वजन उचलू देत नाहीत, काही ठिकाणी तर ही मर्यादा दोन किलोंवरच ठेवतात. ढकलणे, ओढणे, दोन्ही हात डोक्यावर नेऊन जोर लावणे हेही वर्ज्य असते. हे ऐकायला सोपे आहे. पण रहाटावरून पाणी शेंदणे, विळीवर बसून नारळ खवणे, पाट्यावर वाटण वाटणे, ओले कपडे पिळून दांडीवर टाकणे, गादीची गुंडाळी उचलणे, पावसाने फुगलेला दरवाजा खेचून उघडणे, या प्रत्येक कामात छातीच्या हाडावर ताण येतो आणि यांपैकी एकाही कामाला आपण ‘वजन उचलणे’ म्हणत नाही. म्हणून ‘जड काम करू नको’ एवढे मोघम सांगणे पुरेसे नाही. आमच्या घरी यजमान, मुलगा आणि धाकट्या जाऊबाई यांनी बसून एकेका कामाचे नाव घेतले आणि ते कोण करणार हे ठरवले. वाटणासाठी मिक्सर खालच्या फळीवर आला, माझे कपडे आणि औषधे कमरेच्या उंचीवर आली. ती बैठक झाली नसती तर मला विश्रांती मिळाली नसती, असे मी आजही मानते.

खाटेची उंचीही फार महत्त्वाची आहे. जमिनीवर अंथरूण घालून झोपण्याची सवय असेल तर ती या काळात मोडावीच लागते, कारण जमिनीवरून उठताना हातांवर सगळा भार येतो. बसल्यावर पाय जमिनीला टेकतील अशी खाट असावी. उठताना गुडघे वाकवून अंग एका कुशीवर सबंध वळवायचे, पाय खाली सोडायचे, कोपराचा हलका आधार घेत बसायचे आणि हात मांड्यांवर ठेवून पायांच्या जोरावर उभे राहायचे. रुग्णालयात हे शिकवतात, पण ते घरातल्या दुसऱ्या माणसानेही शिकून घ्यावे. नाहीतर प्रेमापोटी कोणीतरी काखेत हात घालून उचलायला येते आणि त्याने हाडाला हिसका बसतो. शौचालय मागच्या परसात आणि तेही उकिडवे बसण्याचे असेल, तर खुर्चीसारखा कमोड आधी आणून ठेवावा. जांभ्याच्या पायऱ्यांवर मृगानंतर शेवाळ धरते, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना पाय घसरून डोक्याला लागणे फार धोक्याचे असते.

घरी येतानाच्या प्रवासाबद्दल थोडक्यात लिहिते. अणुस्कुरा घाट उतरताना वळणावळणाला अंग हलते, म्हणून मी मागच्या सीटवर बसले होते आणि पट्टा व छाती यांच्यामध्ये घट्ट दुमडलेली उशी धरली होती. तीच उशी पुढे खोकताना आणि शिंकताना उपयोगी पडली. खोकला दाबून ठेवू नये. उशी छातीशी कवटाळून खोकावे, म्हणजे कफ सुटतो आणि दुखतेही कमी. तीन चेंडूंचे श्वासाचे उपकरण बरोबर दिलेले असते, तेही कोपऱ्यात धूळ खात पडू देऊ नये.

बायकांच्या बाबतीत एक गोष्ट कोणी मोकळेपणाने सांगत नाही. छातीवरची जखम स्तनांच्या भाराने दोन्ही बाजूंना ओढली जाते आणि त्यामुळे दुखते, कधी चिघळतेही. पुढून उघडणारी, तारा नसलेली मऊ सुती बॉडी दिवसा-रात्री घातल्याने हा ताण कमी होतो. वैशाखाच्या घामात जखम ओली राहू नये म्हणून साध्या साबणाने आंघोळ करून मऊ कपड्याने टिपून घ्यावे. हळद, खोबरेल, पावडर यांपैकी काहीही जखमेवर लावू नये, सांगणारी माणसे कितीही जवळची असली तरी.

आता खाण्याकडे येते, कारण धातूची झडप बसवलेल्या माणसाचे पुढचे आयुष्य ताटाशी बांधलेले असते. ऊतीची, म्हणजे प्राण्याच्या ऊतीपासून बनवलेली झडप असेल तर रक्त पातळ करणारी गोळी बहुधा काही महिनेच घ्यावी लागते, पण ती झडप साधारण दहा-पंधरा वर्षांत झिजते. धातूची झडप टिकते, मात्र तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून वॉरफेरिन किंवा असिनोकुमारॉल जन्मभर घ्यावे लागते. त्याचे प्रमाण आयएनआर या, रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणाऱ्या तपासणीवरून ठरते. मायट्रलच्या जागी धातूची झडप असेल तर हा आकडा साधारणपणे 2.5 ते 3.5 च्या दरम्यान ठेवतात. तो खाली गेला तर गुठळीची भीती, फार वर गेला तर रक्तस्रावाची.

हिरव्या पालेभाज्यांतले के जीवनसत्त्व या गोळीच्या विरुद्ध काम करते. त्यामुळे पालेभाजी पूर्ण बंद करायची असा समज आमच्याकडे सरसकट आढळतो. डॉक्टरांनी मला भाजी बंद करायला सांगितली नव्हती, दर आठवड्याला तिचे प्रमाण सारखे ठेवायला सांगितले होते. कोकणात हे अवघड जाते, कारण आमचे खाणे ऋतूप्रमाणे बदलते. उन्हाळाभर मासे आणि कुळथाची पिठी, पाऊस पडला की टाकळा, कुर्डू, भारंगी, अळू, शेवग्याचा पाला. आषाढ संपून श्रावण लागला की मासळी बंद होते आणि ताटात रोज हिरवे येऊ लागते. त्यात सोमवार-शनिवारचे उपवास. उपवासाने जेवण घटले की आकडा वर जाऊ शकतो, भाजी वाढली की खाली. घरातल्या इतरांच्या दृष्टीने श्रावण असतो, पण गोळी घेणाऱ्याच्या रक्तात मात्र खळबळ चाललेली असते. मी श्रावणात उपवास केले नाहीत, आठवड्यातून ठरलेल्या दोन वारी एक वाटी पालेभाजी घेतली आणि त्या महिन्यात तपासणी लवकर करून घेतली. सासूबाईंनी एरवी उपवास कधी सोडू दिला नसता, पण या वेळी त्यांनीच माझे पान वाढताना सांगितले, ‘तुझा उपवास मी धरते, तू जेव.’

गोळीचा हिशेब भिंतीवरच्या कालनिर्णयात ठेवला. असिनोकुमारॉल पुष्कळदा एक दिवस दोन मिलिग्रॅम, दुसऱ्या दिवशी तीन, असे दिलेले असते आणि दिवस चुकायला वेळ लागत नाही. मुलाने प्रत्येक तारखेच्या चौकटीत पेन्सिलीने आकडा लिहिला, रात्री आठला गोळी घेतली की मी त्यावर शाईने बरोबरची खूण करायची, आणि तपासणीचा निकाल लाल पेनने त्याच दिवसाच्या कोपऱ्यात. विसरलेली गोळी त्याच दिवशी आठवली तर घ्यावी, पण दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये. गुडघा किंवा कंबर दुखली म्हणून दुकानातून डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन आणू नये. जंतुनाशकाचा कोर्स सुरू झाला, जुलाब झाले, कोणी काढा दिला, तरी आकडा हलतो. गावातल्या दवाखान्यात कमरेवर इंजेक्शन घ्यायची वेळ आली तर आधी ही गोळी चालू असल्याचे सांगावे.

मिठाचेही तसेच. पेज मऊ आणि पचायला हलकी, आजारी माणसाला तिच्यासारखे अन्न नाही, पण पेजेबरोबर येणारे लोणचे, पापड आणि भाजलेला सुका बांगडा यांत दिवसभराच्या मिठाहून अधिक मीठ असते. मीठ वाढले की अंगात पाणी साठते. पाण्याचे प्रमाण ठरवून दिले असेल तर पेज, सार, सोलकढी आणि चहा हेही त्यात धरावेत. भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळे घेऊन येतो, त्याविषयी डॉक्टरांना विचारूनच घ्यावे, कारण शहाळ्यात पोटॅशियम बरेच असते आणि लघवीच्या काही गोळ्या शरीरातले पोटॅशियम वाढवतात. रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर आणि काही खाण्याआधी वजन करावे. दिवसात एक किलो किंवा आठवड्यात दोन किलो वाढले तर ते अंगावर चढलेले पाणी समजून दवाखान्यात कळवावे.

चालण्याला आमच्या गावात सपाट जागा म्हणजे खळे. घाटीचा चढ पहिल्या महिन्यात मी घेतलाच नाही. खळ्यात थोड्या फेऱ्या, मग विसावा, मग पुन्हा फेऱ्या, आणि दर दोन-चार दिवसांनी किंचित वाढ. चालताना बरोबरच्या माणसाशी धाप न लागता बोलता आले की वेग योग्य आहे असे समजावे. पाऊस लागला की पडवीत फेऱ्या मारायच्या. स्कूटर मात्र हाड पक्के होईपर्यंत नको, खड्ड्यात हँडलला बसणारा हिसका थेट छातीत येतो.

मनाविषयी लिहायलाच हवे. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे झोप तुटते, अन्नाची चव जाते आणि कारण नसताना रडू येते. पडवीत तांदूळ निवडत बसलेल्या सासूबाईंकडे पाहून माझे डोळे वाहू लागत, आणि का ते मला सांगता येत नसे. हे अनेकांना होते आणि बहुधा हळूहळू ओसरते, पण ओसरत नसेल तर तेही जखमेइतकेच गांभीर्याने डॉक्टरांच्या कानावर घालावे. भेटायला येणाऱ्यांची वेळ ठरवून द्यावी. गणपतीला मुंबईहून चाकरमानी आले तेव्हा यजमानांनी सगळ्यांना संध्याकाळी चार ते पाच ही वेळ दिली, आणि कोणी वाईट वाटून घेतले नाही.

रात्री सगळे निजले की धातूच्या झडपेची टिकटिक ऐकू येते. माझ्या छातीतली झडप तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत विकसित झालेली आहे. तशी झडप 1990 मध्ये पहिल्यांदा माणसाला बसवली गेली. तिच्यातली तबकडी दिवसाला सुमारे एक लाख वेळा उघडते-मिटते. सुरुवातीला त्या आवाजाने झोप लागत नसे, आता तो ऐकू आला की बरे वाटते. या आवाजाची ओळख ठेवणे वैद्यकीय दृष्ट्याही गरजेचे आहे. तो अचानक दबका झाला किंवा येईनासा झाला आणि त्याबरोबर धाप लागू लागली, तर झडपेवर गुठळी धरल्याची शक्यता असते आणि सकाळ होण्याची वाट पाहू नये. 100.4 अंशांवर ताप, जखमेतून पाणी किंवा पू, छातीचे हाड हलल्यासारखे कटकट वाजणे, काळे शौच, न थांबणारा घोळणा, आडवे झाल्यावर गुदमरणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे किंवा बोबडे बोलणे, यांपैकी काहीही दिसले तरी तसेच. दात काढायचा असेल तर दंतवैद्याला झडपेविषयी आधी सांगावे, म्हणजे जंतुनाशक आधी देता येते आणि जंतू रक्तातून झडपेवर जाऊन बसत नाहीत.

आमच्या फोनशेजारी एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर झडपेचे नाव, शस्त्रक्रियेची तारीख, गोळीचे चालू प्रमाण, शेवटचा आयएनआर, रक्तगट, 108 हा रुग्णवाहिकेचा क्रमांक आणि रात्री-अपरात्री गाडी काढणाऱ्या शेजाऱ्याचा नंबर आहे. त्याचीच दुसरी प्रत माझ्या पर्समध्ये असते आणि दर तपासणीनंतर मुलगा दोन्ही कागदांवरचा आकडा बदलतो.