जे दाखवलं नाही त्याची नोंद

रविवार, रात्र. बाहेर पाऊस थांबायचं नाव घेत नाही.

बेळगावच्या टिळकवाडीत चहाच्या टपरीवर गेमच्या नाहीतर सिनेमाच्या नव्या ट्रेलरचा निकाल हल्ली कप रिकामा व्हायच्या आत लागतो. "कसलं ग्राफिक्स रे हे, नुसतं कार्टून केल्यात!" शंका घ्यायला माझी ना नाही. मिठाईच्या दुकानात कुंदासुद्धा आपण आधी चमचाभर चाखतो, मग पाव किलो सांगतो. पण दिसतंय त्यावर सगळे तुटून पडतात आणि जे दाखवलंच नाही त्याबद्दल कुणी ब्र काढत नाही.

दिसणारी खोट दुरुस्त तरी होते. 'सॉनिक' या सिनेमाचा पहिला ट्रेलर एप्रिल २०१९ मध्ये आला. त्या निळ्या प्राण्याच्या तोंडात माणसाचे दात बघून अशी हुर्यो उडाली की पात्र नव्याने घडवलं गेलं आणि नोव्हेंबरचा चित्रपट फेब्रुवारी २०२० वर गेला. 'सायबरपंक २०७७' या गेमचे ट्रेलर मात्र देखणे होते. १० डिसेंबर २०२० ला गेम यायच्या आधी समीक्षकांना मिळाली ती फक्त पीसीची प्रत, आणि स्वतः रेकॉर्ड केलेली दृश्यं दाखवायला मनाई. पीएस४ वर, म्हणजे सोनीच्या प्लेस्टेशन ४ या गेमयंत्रावर, ती कशी चालते हे समीक्षकांना ठाऊकच नव्हतं. शंका तिथे घ्यायला हवी होती. आठवडाभरात सोनीने ती आपल्या ऑनलाइन दुकानातून काढली. परत यायला जून २०२१ उजाडला.

म्हणून ट्रेलरच्या तळाची बारीक अक्षरं आधी वाचावीत. 'इन-इंजिन' म्हणजे इंजिन (चित्र घडवणारं सॉफ्टवेअर) गेमचंच, पण कॅमेरा आणि हालचाल आधीच बसवलेली. खेळणारं कुणी नाही. 'गेमप्ले' म्हटलं असेल तर नकाशा, गोळ्यांचा आकडा असलं काही पडद्यावर दिसतंय का बघायचं. कुठल्या यंत्रावर रेकॉर्ड केलं ते लिहिलं नसेल तर तगडा पीसी धरून चालायचं. आणि एक, मोबाइलवर ३६०पी मध्ये, म्हणजे कमी स्पष्टतेत, बघून गवताला नावं ठेवू नयेत. गवत, पाऊस, धूर यांचा व्हिडिओ दाबताना लगदाच होतो. पडदा १०८०पी चा असला तरी २१६०पी निवडावं. बिटरेट, म्हणजे सेकंदाला येणारी चित्राची माहिती, जास्त मिळतो, चित्र सुटं दिसतं.

ॲनिमेशनबद्दल तर "अडकतंय" ही तक्रार नेहमीची. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा, म्हणजे २४ स्थिर चित्रांचा असतो, पण एकच चित्र दोन फ्रेम धरून ठेवलं तर हालचाली सेकंदाला १२ च होतात. 'स्पायडर-मॅन: इंटू द स्पायडर-व्हर्स' मध्ये (२०१८) जंगलातल्या झोक्यांत नवशिका स्पायडर-मॅन माइल्स असा दोन-दोन फ्रेमवर हलतो आणि मुरलेला स्पायडर-मॅन पीटर प्रत्येक फ्रेमवर. माइल्सचा कच्चेपणा तिथे हालचालीतूनच कळतो. ओळखायची खूण सोपी आहे: मागचं दृश्य सरळ सरकतंय आणि पात्रच तेवढं झटके देतंय, तर ते मुद्दाम. दोन्ही एकदम अडखळत असतील तर दोष नेटचा किंवा टीव्हीचा. टीव्हीतलं 'मोशन स्मूदिंग' (मधल्या फ्रेम स्वतःच भरून हालचाल गुळगुळीत करणारी सोय) बंद करून मगच बोलावं.

ग्राफिक्स कार्डांत फसगत आकड्यांची. जानेवारी २०२५ मध्ये ही कार्डं बनवणाऱ्या एनव्हिडियाने सांगितलं, ५४९ डॉलरचं आरटीएक्स ५०७० हे मागच्या पिढीतल्या महागड्या ४०९० इतकी कामगिरी देणार. त्यात गोम अशी, की चारातल्या तीन फ्रेम एआयने भरलेल्या. खऱ्या फ्रेम ३० असल्या तर फ्रेम मोजणारा मीटर १२० च्या आसपास दाखवेल, पण बटणाची दखल ३० च्याच हिशोबाने, म्हणजे फ्रेममागे ३३ मिलिसेकंद. शिवाय मधल्या फ्रेम भरायला पुढची खरी फ्रेम हातात लागते, तो उशीर वेगळा. डोळ्याला लोणी, बोटांना जडच. मेमरी १२ जीबी, ४०९० ची २४; ते अंतर कुठल्या एआयने भरायचं?

पॉवर बँकेच्या आकड्यातही अशीच गोम, तिचं थोडक्यात. २०,००० एमएएच हा आकडा आतल्या सेलचा, ३.७ व्होल्टवरचा. ५ व्होल्टला तोच १४,८०० होतो, आणि रूपांतरातली गळती वजा जाता बाराएक हजार हाती येतात. खोकं उलटं करून 'रेटेड कपॅसिटी' वाचायची. तो आकडा नसेल तर खडेबाजारात पुढचं दुकान आहेच की.

ट्रेलर एवढा तपासून गेम घेतलीच, तर स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात पैसे परत मागायची मुदत खरेदीपासून १४ दिवस आणि खेळलेला वेळ २ तासांच्या आत. काही गेम पहिल्यांदा उघडल्यावर शेडर (उजेड-रंग ठरवणारे छोटे प्रोग्राम) तयार होण्यात बराच वेळ जातो, तोही मोजला जातो. तेव्हा सुरुवातीची कथा बघत बसू नये. सेटिंग लावून तडक गर्दीच्या ठिकाणी जावं, सेकंदाच्या फ्रेमचा आकडा कोसळतो तो तिथेच. आणि मेनू उघडा टाकून जेवायला बसलात, तर भाकरीचा वेळही त्याच दोन तासांत धरला जातो.